चूल कोणाच्या हद्दीत

आमच्या उशिगोए खिंडीत सरहद्द दरवर्षी हलते. खरी सरहद्द नव्हे. ती सरकारी नकाशात आहे आणि नक्की कुठे आहे ते सरकारलाच ठाऊक. आमची सरहद्द म्हणजे खांबावर ठोकलेली एक लाकडी पाटी. एका अंगाला लिहिलंय "कामिनो", दुसऱ्या अंगाला "शिओहामा". भातकापणी आटोपली की दोन्ही शहरांची माणसं खिंडीत जमतात, दोर ओढतात, आणि जे शहर जिंकेल ते पाटी उपटून समोरच्याच्या मुलखात एक पाऊल आत रोवतं. कामिनो डोंगरातलं, शिओहामा समुद्रावरचं. खालून बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं आणि वरून कागदाच्या दोऱ्या खाली जायच्या, तेव्हापासून या दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचं तोंडही बघवत नाही.

माझं चहाचं दुकान खिंडीच्या माथ्यावर आहे. मी किनुए, कामिनोची. आमचे हे, म्हणजे ताइझो, शिओहामाचे. तरुणपणी ते सुकवलेला कुपा मासा टेम्पोत घालून कामिनोच्या बाजारात न्यायचे आणि वाटेत माझ्याकडे चहा प्यायचे. एक दिवस टेम्पो बंद पडला. टेम्पो दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, पण हे काही गेले नाहीत.

लग्न ठरताना दोन्ही घरांचं सगळ्या बाबतीत जमलं, एक सोडून. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळचं सूप. आमच्या कामिनोत ते मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, दाट, त्यात अरवी आणि तांदळाची गोल मोची, मऊसूत उकडलेली. शिओहामात कुप्याच्या किसाचं नितळ पाणी, आणि त्यात चौकोनी मोची, तीही भाजून. माझे वडील म्हणाले, "चौकोनी? ती काय खायची का भिंतीत बसवायची?" सासूबाई म्हणाल्या, "वर्षाच्या पहिल्या दिवशी गढूळ पाणी प्यायचं? आमच्याकडे पुरानंतर पितात." लग्न मोडायचंच बाकी राहिलं होतं. शेवटी खिंडीतल्या देवळाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी तोडगा काढला, की ज्या शहराच्या हद्दीत चूल, त्या शहराचं सूप. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या वडिलांनी जरा जास्तच डोलावली, कारण पाटी तेव्हा दुकानापासून लांब, पार शिओहामाच्या उतारावरच्या वळणाशी होती.

तेव्हापासून आमच्या घरात गोल मोचीचं राज्य. दरवर्षी हे वाटी उचलतात, आत डोकावतात, उसासा टाकतात आणि म्हणतात, "गोलच आहे."

"मग काय उडणारी असेल?" मी म्हणते. इतकं झालं की आमचं नवं वर्ष लागतं.

पण अलीकडे कामिनोचे दिवस फिरले. पोरं शिकून मोठ्या शहरांत गेली आणि दोर ओढायला उरले गाठी बांधणारे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ असते ना, त्या गाठी कामिनोत होतात. नाजूक काम, मांडी घालून करायचं. आमच्या संघाचा कप्तान कुराता, गाठींच्या कारखान्याचा मालक. बोटं अशी की डोळे मिटून फुलपाखरू वळेल, पण दंड बघितले तर दया यावी. उलट शिओहामाचा कप्तान हामाजी, जाळ्यांचा कारखानदार, दरवाजातून आडवा होऊन आत येणारा माणूस.

दोर ओढण्याआधी दोघे एकमेकांना रीतसर वाकून नमस्कार करतात आणि मग सुरू होतात.

"काय कुराता, हल्ली लग्नंच होत नाहीत म्हणे. गाठी कोणाला मारता? बुटांना?"

"आणि समुद्रात मासेच उरले नाहीत म्हणे. तुमची जाळी आता बेसबॉलच्या मैदानाला लावतात. काय सापडतं हो त्यात, चेंडू?"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोघांनाही झोंबतात. दोन्ही शहरांत स्टेशनसमोरच्या निम्म्या दुकानांची शटरं खाली आहेत. बोगदा झाल्यापासून खिंडीत गाड्याही येत नाहीत. वर्षातून एकदा का होईना, पण दोर ओढायला माणसं इथवर येतात याचंच मला अप्रूप.

तर शिओहामा जिंकत गेलं आणि पाटी एकेक पाऊल चढ चढत माझ्याकडे येत राहिली. गेल्या वर्षी ती माझ्या उंबऱ्याला येऊन टेकली. आणि उंबऱ्यापासून आत एका पावलावर माझी चूल.

यंदा उन्हाळ्यातच हामाजी मोजपट्टी घेऊन हजर. बूट काढले, वाकला, आणि माझ्या फळ्यांवर खडूने फुली मारायला लागला.

"हे काय चाललंय?"

"वहिनी, आम्ही जिंकलो की पाटी इथे येणार. आधीच आखून ठेवलेलं बरं."

"माझ्या जमिनीत खांब ठोकणार तुम्ही?"

"नियम आहे."

"एक खिळा जरी ठोकलात, तर तुमच्या संघाला माझ्याकडे चहा बंद. आणि संडाससुद्धा."

खिंडीत दुसरा संडास नाही. हामाजीने विचार केला. मग असं ठरलं की वेळ आलीच तर लोणच्याचं रिकामं पिंप आणायचं आणि त्यात वाळू भरून पाटी उभी करायची. जाताना फुली मात्र त्याने पुसली नाही.

मला काळजी हामाजीची नव्हती, घरातल्या माणसाची होती. हे शिओहामाच्या संघात दोराच्या अगदी शेवटी उभे राहतात. ही शेपटीची जागा मानाची, कारण तो माणूस हलला की सगळी रांग हलते. पंच्याहत्तरी गाठली की संघातून निवृत्ती, आणि यांना फेब्रुवारीत पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. म्हणजे यंदाची खेप शेवटची. सासूबाईंच्या हातचं ते नितळ सूप यांनी लग्नाआधी शेवटचं प्यायलं होतं. सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली.

उन्हाळाभर हे पहाटे उठून पाण्याचे डबे घेऊन चढण चढत होते. एकदा कपाट आवरताना मला टॉवेलांच्या मागे एक कोरी जाळी सापडली, शेगडीवर ठेवायची.

"ही कशाला?"

"मासे भाजायला," हे म्हणाले.

"चौकोनी मासे?"

यांनी जाळी माझ्या हातातून घेतली आणि परत टॉवेलांच्या मागे ठेवली.  पण त्या दिवसापासून कामिनोने जिंकावं म्हणून मी देवळात रोज घंटा वाजवायला लागले. चूल माझी आहे. तिच्यावर काय शिजायचं ते हामाजीचे दंड ठरवणार?

आता आमच्या दुकानाची एक पद्धत सांगायला हवी. माझ्याकडे चहाबरोबर गोहेई-मोची मिळते. भात चेचून पसरट काठीवर थापायचा, अक्रोड घातलेला गोड मिसो वरून लावायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. मी थापते आणि लावते, हे उलटतात. मिसो क्षणात जळतो, म्हणून मी "अहो, करपतंय!" अशी हाक मारली की हातातलं जे काही असेल ते टाकून यांनी धावत यायचं. फोन टाकून आले आहेत, गिऱ्हाईक टाकून आले आहेत, एकदा तर अंघोळ टाकून टॉवेल गुंडाळून आले आणि हायस्कूलच्या सहलीने टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत ती हाक यांच्या कानातून डोक्यात जातच नाही. थेट पायांत जाते.

दोर ओढायच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. दोन्ही महापौर आले, दोघांनी भाषणं केली, दोघांनी "आमच्या शहराचा गौरवशाली इतिहास" म्हणून सारखीच वर्षं सांगितली. पंच म्हणून देवळाचे पुजारी शिगेनोबु पंखा घेऊन मध्ये उभे राहिले. तोडगा काढणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांचा हा मुलगा. माझ्या दुकानासमोर अशी गर्दी की मी सकाळपासून नुसती थापतेय.

पहिला डाव शिओहामाने घेतला. दुसरा कामिनोने, कसा ते कामिनोलाही कळलं नाही. तिसरा डाव निकालाचा.

पंखा खाली आला आणि दोर ताणला गेला. दोराची शिओहामाकडची शेपटी माझ्या चुलीपासून दहा-बारा पावलांवर आली होती. हे मला अगदी समोर दिसत होते. कपाळाला पांढरी पट्टी, टाचा मातीत रुतलेल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. हामाजी ओरडत होता, "ओढा! ओढा!" आणि कामिनोची रांग इंचाइंचाने सरकत होती. कुराताचे डोळे बाहेर आले होते. मी चुलीकडे पाठ करून बघत बसले. कामिनोला ओरडून जोर द्यायचा तर तोंडातून आवाज फुटेना, कारण मला सारखं वाटत होतं, या वयात हा माणूस काय करतोय, याचं काही बरंवाईट झालं तर.

तेवढ्यात नाकाला वास आला. मागे वळले तर दोन काठ्यांतून धूर. आणि माझ्या तोंडून जे रोज बाहेर पडतं तेच बाहेर पडलं.

"अहो, करपतंय!"

यांनी दोर सोडला आणि चुलीकडे धावत सुटले.

मागे काय झालं ते मी पाहिलं, यांनी नाही. शेपटीचा आधार गेल्यावर शिओहामाची अख्खी रांग पुढे कोलमडली. हामाजी तोंडावर पडला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. कामिनोवाले मागच्या मागे एकमेकांच्या मांडीत जाऊन बसले आणि दोर त्यांच्या हातात.  इकडे यांनी शांतपणे दोन्ही काठ्या उलटल्या, फुंकर मारली, आणि मग मान वर करून बघितलं. यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

त्यानंतर जो गलका झाला तो खालच्या बोगद्यातही ऐकू गेला असेल.

"ही फसवणूक आहे!" हामाजी नाकाची माती पुसत ओरडला. "वहिनी कामिनोच्या आहेत! मुद्दाम हाक मारली!"

"मुद्दाम?" मीही पदर खोचायचा तसा एप्रन खोचला. "मला काय हौस आहे माझा माल जाळायची?"

"नवऱ्याला हाक मारायला बंदी आहे का?" कुराता जमिनीवरूनच म्हणाला. त्याला अजून उठता येत नव्हतं.

"डाव चालू असताना?"

"मग तुमच्या माणसाने यायचं नाही!"

शिगेनोबुंनी पंखा वर केला. "पुरावा बघितला पाहिजे," ते म्हणाले आणि चपला काढून दुकानात आले. एक काठी उचलली, खालून बघितली, वरून बघितली, आणि सगळ्यांच्या देखत एक घास घेतला. बराच वेळ चावला. दोन्ही महापौर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी दुसऱ्या काठीचाही घास घेतला.

"दुसरी कशाला?" हामाजीने विचारलं.

"खात्री करायला." पुजाऱ्यांनी घास गिळला. "खालची बाजू कोळसा झाली आहे. करपत होती हे खरं. आणि दोर का सुटला याला आमच्या नियमात जागा नाही. सुटला एवढंच नियमाला कळतं. कामिनो."

आमचे लोक नाचले. पाटी उपटली, उंबऱ्यापासून एक पाऊल लांब, शिओहामाच्या उताराकडे रोवली. कुराताने तिच्याभोवती लाल-पांढऱ्या दोरीची भली मोठी गाठ मारली, लग्नात मारतात ती, एकदा मारली की न सुटणारी. शिओहामाचे लोक आमच्या यांच्याशी एक शब्द न बोलता बसमध्ये चढले. हामाजी तर संडासलाही गेला नाही.

आणि हे घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं बोलणं आटलं. मी चहा ठेवला की "हं." जेवायला वाढलं की "हं." मी "करपतंय" म्हटलं की हे येत, पण चालत येत, आणि तोवर खरंच करपलेलं असे. कपाटातली ती जाळी यांनी बाहेर काढली आणि मुद्दाम माझ्या नजरेसमोर भिंतीवर टांगली. तिच्यावर काहीच भाजलं जात नव्हतं. मी रोज उठून ती जाळी बघायची.

आधी मला राग आला. मी काय हात धरून ओढून आणलं होतं? मग राग गेला आणि वाईट वाटायला लागलं, आणि वाईट वाटणं मला अजिबात मानवत नाही.  जिंकले मीच, घंटा मीच वाजवली होती, आणि तरी चुलीसमोर बसले की मला त्यांच्या टाचा दिसायच्या, मातीत रुतलेल्या. नियम माझ्या बाजूचा होता. तो मोडला असता तर हे म्हणाले असते, दया दाखवतेस काय. बरं, चूल तर काही जागची हलत नाही.

डिसेंबर संपत आला तेव्हा एका दुपारी, हे लाकडं आणायला गेलेले बघून मी शिओहामाला फोन लावला. यांची थोरली बहीण तिथे असते, यासु नाव.

"वन्सं, मी किनुए."

 "कोण गेलं?" वन्संनी विचारलं.

"कोणी नाही गेलं. ते नव्या वर्षाचं सूप... तुमच्या आईचं. कसं करायच्या त्या?"

"अगंबाई! इतकी वर्षं संसार केलास आणि आता विचारतेस? आई गेली वाट बघून."

"वन्सं, सांगताय की नाही?"

"सांगते गं. ऐक. कुपा किसलास की पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. तुमच्यासारखं रटारटा शिजवायचं नाही, ते जनावरांना करतात."

मी दात-ओठ खाऊन ऐकून घेतलं. त्यांनी मला चार टोमणे मारले आणि मधूनमधून कृती सांगितली. पण दुसऱ्याच दिवशी खालच्या बसथांब्यावर ड्रायव्हरने माझ्या हातात एक पुडकं दिलं. आत सुका कुपा, लाकडाच्या ढलपीसारखा टणक, वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि मोचीचे चौकोन, एकसारखे कापलेले. वर चिठ्ठी नाही, काही नाही. वन्संचा स्वभावच तसा.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बर्फ गुडघाभर होतं. हे झोपलेले असतानाच मी उठले, चुलीवर आमचं मिसोचं सूप ठेवलं, नियमाप्रमाणे. मग पडवीतून जुनी मातीची शेगडी उचलली. जड होती, कंबरेने तक्रार केली. ती घेऊन मी उंबरा ओलांडला, पाटी ओलांडली, पलीकडे फावड्याने बर्फ बाजूला केलं आणि शेगडी शिओहामाच्या जमिनीवर ठेवली. निखारे घातले. भिंतीवरची ती कोरी जाळी काढून आणली आणि तिच्यावर चौकोन मांडले. बोटं गारठली होती. कडेला कुप्याच्या किसाचं पातेलं ठेवलं, पाण्याला उकळी फुटू दिली नाही. दोन वेळा फुटायला आली, दोन्ही वेळा मी बर्फाची चिमूट टाकली.

मग मोचीचा चौकोन फुगून वर आला, त्याची एक कड काळी पडायला लागली, आणि मी हाक मारली.

"अहो, करपतंय!"

आतून धडधड पावलं वाजली. हे धावत आले, जाड अंगरखा उलटा घातलेला, पायांत माझ्या चपला. चुलीशी थांबले, तिथे कोणी नाही. दाराशी आले. पाटीच्या पलीकडे बर्फात मी, शेगडी, जाळी, जाळीवर चौकोन.

"चूल शिओहामात आहे," मी म्हटलं. "उलटा लवकर."

यांनी उलटले. मी वाटीत पाणी ओतलं, चौकोन सोडला, शेवाळ घातलं. हे पाटीपलीकडे उकिडवे बसले, वाटी दोन्ही हातांत धरली, आत डोकावले. या खेपेला उसासा टाकला नाही. एक घोट घेतला. मग दुसरा. नाक ओढलं, पण थंडी होती, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

"कसं झालंय?"

"आईचं असंच होतं," हे म्हणाले. 

 म्हटलं, आता बोलूनच टाकावं. "त्या दिवशी मी मुद्दाम नव्हती हाक मारली. तुमच्याकडे बघत बसले होते, म्हणून करपलं."

"माहीत आहे." यांनी चौकोनाचा लचका तोडला. तार लांबली, ती जिभेने गोळा केली. "हात सुटतच होते माझे."

"म्हणजे?"

"दोर निसटत होता गं. बोटांत जोरच उरला नव्हता. अजून एक झटका बसला असता तर सगळ्यांच्या देखत मीच आडवा झालो असतो, शेपटीचा माणूस. हामाजीला काय तोंड दाखवलं असतं? तेवढ्यात तुझी हाक आली." हे वाटीत बघून बोलत होते. "आता शिओहामात म्हणतात, ताइझोला बायकोने घालवलं. म्हातारा झाला असं कोणी म्हणत नाही."

मी पळी हातात धरून बर्फात उभी. माझ्या डोळ्यांपुढे ते दोन महिने आले. ती पाठ, ती भिंत, ते "हं".

"मग इतके दिवस फुरंगटून बसला होतात ते कशासाठी?"

हे थोडे लांब सरकले, पळी पोचणार नाही इतके. "तू कधी ना कधी ताईला फोन करून ते सूप विचारशील असं वाटलं."

मी पळी उगारली. यांनी रिकामी वाटी पुढे केली.

"आतलंही शिजलंय ना?" हे म्हणाले. "वास येतोय केव्हाचा. गोल घाल दोन. त्याच्याशिवाय नवं वर्ष लागल्यासारखं वाटत नाही."

"ते इकडे मिळणार नाही," मी म्हटलं. "ही शिओहामाची हद्द आहे."

हे गुडघ्यावर हात टेकून उठले, पाटीवरच्या गाठीवरचं बर्फ बोटाने झटकलं आणि वाटी घेऊन माझ्या मागे कामिनोत आले.